वज्रबाहूचा नंबर येईना

वज्रबाहू हा रुंद छातीचा, लांब तलवारीचा आणि भयंकर मिशांचा योद्धा होता, आणि गेल्या दिवाळीपासून त्याने एकाही शत्रूला बोट लावलं नव्हतं. यात बिचाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता. तो दर लढाईत तलवार उपसायचा, छाती पुढे काढायचा, एक पाऊल टाकायचा आणि तेवढ्यात मागून मेघमाला नावाची जादूगारीण नुसता हात हलवायची. शत्रूच्या जागी राख उरायची. मग वज्रबाहू तलवार म्यानात घालायचा आणि राखेला वळसा घालून पुढे चालू लागायचा.

हा वज्रबाहू म्हणजे सयाजी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर. मेघमाला म्हणजे त्रिशला, स्वतःचं ऑफिस असलेली सीए. आणि ज्या जगात हे दोघं हिंडायचे ते जग रचणारा धैर्यशील. दर रविवारी दुपारी कोल्हापुरात, राजारामपुरीत धैर्यशीलच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर हे जग मांडलं जायचं. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना एवढं कळलं तरी पुरे, की एक जण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आणि तलवार लागली की चुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. बाहेरच्याला वाटतं, चार कमावती माणसं हवेशी भांडतायत. ते काही अगदीच खोटं नाही. चौथी अनुजा, धैर्यशीलची मामेबहीण. ती गोष्टीत चोर होती आणि शत्रू मिळाला नाही तर मित्रांचेच खिसे कापायची.

ज्येष्ठातल्या पहिल्याच रविवारी पुलावर दरोडेखोर आडवे आले. धैर्यशीलने त्यांचं वर्णन मोठ्या हौसेनं केलं, कोणाच्या कानात बाळी आहे इथपर्यंत. सयाजीने फासा उचलला. त्रिशलाने चष्मा सारखा केला आणि म्हणाली, "मी ह्यांच्यावर आगीचा गोळा टाकते."

पुलावर दरोडेखोर उरले नाहीत. पूलही अर्धाच उरला.

सयाजीने फासा अलगद खाली ठेवला. तो माणूस मुळात मोठ्याने बोलणारा. भट्ट्यांच्या आवाजावर आवाज चढवून चढवून त्याचा घसा तसाच झाला होता. त्यामुळे तो हळू बोलला तेव्हा सगळेच चपापले. "धैर्या, एक इचारू? मी हितं कशाला येतो?"

"म्हणजे काय? खेळायला."

"खेळती ही. मी बघतो. बघायचंच आसंल तर टीव्ही हाय की घरात." त्याने तेल-तिखट लावलेल्या चुरमुऱ्यांच्या भडंगाची मूठ तोंडात टाकली. रागावला तरी तो भडंग सोडत नसे. "हे बघ, श्रावणापतोर काय तरी तोड काढ. न्हायतर मी रविवारचा झोपतो घरात. सपनात तरी माझा नंबर येतो."

धैर्यशीलने भडंगाची ताटली त्याच्याकडे सरकवली. सयाजी आणि तो बालवाडीपासून एका बाकावरचे. पण हा बँकेत लागला, तो फाउंड्रीत, आणि शिफ्टच्या भानगडीत भेट व्हायची ती फक्त रविवारी. हा रविवार गेला तर सयाजी गेला, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. लग्नामुंजीत भेटणारे मित्र त्याच्याकडे पुष्कळ होते. त्यांत सयाजीची भर पडायला नको होती.

त्रिशलाचीही चूक म्हणता येईना. खेळाच्या पुस्तकातच तसं होतं. जादूवाला सुरुवातीला फुंकर मारली तर उडेल असा असतो आणि पुढं पुढं डोंगर हलवायला लागतो. तलवारवाला मात्र पहिल्या दिवशी तलवार मारतो आणि शेवटच्या दिवशीही तलवारच मारतो. म्हणून जगभरचे गेम मास्टर आपापल्या घरचे कायदे करतात, त्यांना हाउस रूल म्हणतात. धैर्यशीलनेही कायदे करायला घेतले, आणि इथून त्याचे ग्रह फिरले.

पहिला कायदा असा, की फासा वाईट पडला तर जादू भलतीकडे जाईल. त्या रविवारी त्रिशलाचा फासा वाईट पडला, जादू भलतीकडे गेली आणि वज्रबाहूची शेळी झाली. सबंध दुपार सयाजी शेळी होता. "आधी नुसतं बघत हुतो," तो म्हणाला, "आता चरतोय." कायदा रद्द झाला.

दुसरा कायदा असा, की मंत्र पाठ म्हणायचा, एका दमात, न अडखळता. धैर्यशीलने रात्री जागून जीभ वळणार नाही असला लांबलचक मंत्र रचला. त्रिशलाने तो एकदा वाचला, कागद उलटा ठेवला आणि घडाघडा म्हणून दाखवला. लहानपणापासून पहाटे उठून स्तोत्रं म्हणणाऱ्या पोरीला हा काय मंत्र होता. तिने नम्रपणे विचारलं, "एवढाच आहे का?"

तिसरा कायदा त्याला मिसळ खाताना सुचला. समोर दुसरी प्लेट होती, कट वरून लालभडक चमकत होता, आणि त्याच्या मनात आलं, की ही प्लेट आत्ता कोणी काढून घेतली तर आपण वाट्टेल ते कबूल करू. बस्स. ठरलं. पुढच्या रविवारी त्याने टेबलावर हात आपटून जाहीर केलं: जी मोठी जादू करायची असेल तिच्यासाठी खेळणाऱ्याने, गोष्टीतल्या नव्हे, खऱ्या जिवंत माणसाने, आपल्या खाण्यातली एक गोष्ट आठवडाभर सोडायची. सोडली तर जादू मिळेल. खाल्ली तर गेली.

सयाजीचे डोळे चमकले. खाणं सोडायचं म्हटल्यावर जादू कायमची बंद, अशी त्याची खात्रीच पटली.

अनुजाने मोबाईलमधून मान वर केली. "धैर्यादादा, तू हे त्रिशलाला सांगायलास?"

"कायदा तो कायदा. सगळ्यांना सारखा."

"बरं," म्हणाली अनुजा आणि तिने परत मान खाली घातली. "मी काय बोलत न्हाय."

त्रिशला मात्र खुर्चीत सरसावून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर, टॅक्सच्या भानगडीचं नवं प्रकरण समोर आल्यावर येत असेल तसं तेज आलं. "आठवड्याचाच त्याग? का चातुर्मासाचा घेतला तर जास्त मिळतंय? आधीपासून सोडलेलं धरायचं का नवीनच पाहिजे? आणि चुकून खाल्लं गेलं तर प्रायश्चित्त काय?"

धैर्यशीलला वाटलं होतं ही गयावया करेल. तो गडबडला आणि उगीच कडक आवाजात म्हणाला, "नवीनच पाहिजे."

आता हा माणूस त्रिशलाच्या घरी शाळेपासून जात होता. त्यांच्याकडे, जैनांच्या रीतीप्रमाणे, दिवस मावळायच्या आत जेवला होता. त्या घरात चातुर्मास लागला की शाळकरी पोरापासून म्हाताऱ्या चुलत्यापर्यंत जो तो काही ना काही सोडतो, पालेभाजी तर सगळेच, आणि गडहिंग्लजची आत्या फोन करून खुशालीच्या आधी "यंदा काय सोडलंस?" विचारते, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी कायदा करताना पठ्ठ्याने माप घेतलं ते स्वतःच्या पोटाचं. आपल्याला मिसळ सोडवत नाही म्हणजे जगाला काहीच सोडवत नसणार. असल्या माणसाच्या हातात जग रचायचं काम दिल्यावर दुसरं काय होणार होतं?

त्रिशलाने त्याच संध्याकाळी दूध सोडलं आणि एक मोठी जादू घेतली. मग दही सोडलं. मग तूप. मग साखर. प्रत्येक रविवारी ती टवटवीत चेहऱ्याने यायची, पर्समधून उकळलेल्या पाण्याची बाटली काढायची आणि नव्या जादूचं नाव सांगायची. मेघमाला आता वादळं उठवत होती, नद्या वळवत होती. एकदा तर तिने एका राजाचं अख्खं सैन्य बेडकं करून तळ्यात सोडलं. वज्रबाहूने तळ्याच्या काठावर बसून बेडकं मोजली.

ज्या रविवारी तिने तेल सोडलं त्या रविवारी गोष्ट स्वयंपाकघरापर्यंत गेली. धैर्यशीलच्या आईंनी भडंग पुढे केला, त्रिशलाने तो परतवला. "काकू, आठवडाभर तेल नको."

आई आत गेल्या आणि त्यांनी आतूनच धैर्यशीलला हाक मारली. ती हाक ऐकून अनुजाही सरळ बसली. "दूध न्हाय, तूप न्हाय, आता तेल न्हाय," आई दबक्या आवाजात कडाडल्या. "लोकाची लेक आपल्या घरात येऊन पाण्यावर बसलीया आणि तू फासं टाकत बसलायस? ह्या घरातनं आजवर कुणी उपाशी गेलं न्हाय."

"आई, तो खेळाचा नियम आहे."

"खेळ गेला उडत. तिच्या आईनं फोन केला म्हंजी मी काय सांगू?"

तिच्या आईचा फोन दुसऱ्याच दिवशी आला, पण धैर्यशीलला. त्याने तो उचलला. पलीकडून त्या गहिवरून म्हणाल्या, की त्रिशला सीए झाल्यापासून तिचं धर्माकडे जरा दुर्लक्षच झालं होतं, पण तुमच्या त्या रविवारच्या धर्माच्या क्लासला यायला लागल्यापासून पोरगीत केवढा बदल झालाय. शेवटी त्यांनी विचारलं, की इचलकरंजीच्या त्यांच्या भाच्याला, जिनेशला, ह्या क्लासमध्ये घेता येईल का, तो दिवसभर वेफर्स खातो. धैर्यशीलने "बघतो" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ डोकं धरून बसला.

आणि सयाजी? तो आता भांडतही नव्हता. हे सगळ्यात वाईट होतं. श्रावण लागला तेव्हा जिन्यात चपला घालताना तो सहज बोलावं तसं म्हणाला, "पुढच्या रविवारी तुझी ती घोरपडीची लढाई हाय न्हवं? घोरपड बघतो आणि मग थांबतो, गड्या. वाईट वाटून घेऊ नको. तू चांगला सांगतोस. माझंच त्यात काय काम न्हाय."

धैर्यशीलला खूप बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते, "छत्री राहिली तुझी."

काळघोरपड हे धैर्यशीलचं कित्येक महिन्यांचं काम होतं. डोंगराच्या पोटात, पडक्या किल्ल्याच्या धान्यकोठारात ती राहायची. तिची शेपटी एसटीएवढी लांब होती. तिच्या अंगावरची खवलं तलवारीने तुटत नसत. फक्त मानेवर, पाठीकडून, एक जागा मऊ होती. ती जागा त्याने खास वज्रबाहूसाठी ठेवली होती. पण त्रिशलाच्या हातात पाच मोठ्या जादू होत्या, आणि त्यातल्या एकीनेच घोरपडीचं भरीत झालं असतं.

तो रविवार उजाडला. कोठाराचं दार फुटलं, घोरपड बाहेर आली. धैर्यशीलने तिचं वर्णन करताना आवाज खाली आणला, हात पसरले, पण त्याचं लक्ष सगळं सयाजीकडे होतं. सयाजी फाशाशी चाळा करत होता. त्रिशलाने चष्मा सारखा केला.

"मी तिच्यावर..."

"थांब जरा," सयाजी म्हणाला. "धैर्या, ह्यो सोडायचा कायदा फकस्त जादूवाल्यांस्नीच हाय व्हय?"

धैर्यशीलने बुडत्याच्या घाईने हा शब्द पकडला. "न्हाय. सगळ्यांना. मी म्हटलं होतं की, सगळ्यांना सारखा."

"मग मी मटण सोडलं. आजपासनं. माझ्या तलवारीला बळ दे."

अनुजाच्या हातातून मोबाईल खाली पडला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कोल्हापुरात, भर रविवारी, धडधाकट माणूस टेबलावर हात ठेवून मटण सोडतो म्हणजे चेष्टा नव्हती. धैर्यशीलचे तर डोळेच भरून आले.

"सयाजी," त्रिशला शांतपणे म्हणाली, "श्रावण चालू आहे. तुझ्या घरात मटण शिजतंय कुठं?"

आई वळून आत गेल्या.

"हे बरं हाय की," मोबाईल पुसत अनुजा म्हणाली. "मग तुझं दूध कसं चाललं? शाळेत तू दुधाची बाटली माझ्या पिशवीत ओतत हुतीस. मी वास मारत घरी जायचो."

त्रिशला उत्तर द्यायला सरसावली. तिने चष्मा काढला. जादूत ती कोणाला ऐकायची नाही, पण त्यागाच्या बाबतीत खोटं बोलणं तिच्या रक्तातच नव्हतं. "बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "दूध मला आवडत नाही. दही नाही, तूपही नाही. गोडाचं तर मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा नको वाटतं. आवडीचं सोडलं तर त्याला सोडणं म्हणायचं. माझ्या त्या चार जादू धरू नका."

"आणि तेल?" धैर्यशीलने विचारलं.

तिने भडंगाच्या ताटलीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात सगळं आलं. "तेल धरा," ती म्हणाली. "ते मी अजून आठवडाभर सोडलंय."

पाचाची एक उरली. सयाजी आता ताठ बसला होता, पण त्याला सोडण्यासारखं काही सुचेना. चहा म्हणाला; त्रिशला म्हणाली, पित्तामुळे डॉक्टरांनी आधीच बंद केलाय. तंबाखू म्हणाला, आई आतून म्हणाल्या, ती कवा खातोस रे तू, सांगू का आईला? ती त्याने घाईघाईने मागे घेतली. भडंगाचं नाव निघालं तेव्हा त्रिशला म्हणाली, ते माझ्या तेलात आलं, नवीनच पाहिजे.

"मग मी सोडू तरी काय? मला आवडतंय तरी काय?" सयाजी ओरडला. खालच्या मजल्यावर कुत्रं भुंकायला लागलं.

"बोलायला आवडतंय की तुला," आई आतून म्हणाल्या. "तेवढं सोड. बघू."

खाण्याच्या कायद्यात धैर्यशीलने लगेच बोलणंही बसवून टाकलं. त्रिशला एकदम सावरून बसली. तिच्या आवाजात आदर उतरला. "मौन म्हणजे सगळ्यात अवघड. आमच्याकडं पण फार थोडे घेतात. किती दिवस?"

सयाजीने आधी टेबलावर ठेवलेल्या घोरपडीच्या बाहुलीकडे पाहिलं, मग धैर्यशीलकडे. "पुढच्या रविवारी खेळ सुरू हुईपतोर."

"लिहायचं पण नाही," त्रिशला म्हणाली, "आणि मोबाईलवर मेसेज पण नाही. हातवारे चालतील, कामावर धोका नको."

सयाजी काहीतरी विचारायला गेला. त्याने तोंड मिटलं. मौन सुरू झालं होतं.

मग जे झालं तसं त्या टेबलावर कधीच झालं नव्हतं. आजवर सयाजी "मारतो" म्हणायचा आणि फासा टाकायचा. आता त्याला म्हणता येत नव्हतं, म्हणून तो उठला. त्याने स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. तो खुर्चीवर चढला, शेपटीचा फटकारा वाकून चुकवला, भिंतीला पाठ लावून सरकला. धैर्यशील सांगेल तशी घोरपड वळायची आणि सयाजी तिच्या पुढ्यात नाचायचा. मग त्याने त्रिशलाला खुणा केल्या, मान, पाठ, वर, मी. अनुजाला वाटलं त्याला उचकी लागलीय.

त्रिशलाला बरोबर कळलं. आगीचा गोळा तिने टाकला नाही. "माझी एकच जादू आहे," ती म्हणाली, "ती ह्याला उचलून घोरपडीच्या पाठीवर ठेवते."

सयाजी खुर्चीवरून टेबलावर चढला. आईंनी ते पाहिलं आणि त्या काही बोलल्या नाहीत. त्याने फासा टाकला. फासा ताटलीला धडकला, भडंगात फिरला आणि थांबला. चौघांची डोकी एकत्र वाकली. आकडा पुरेसा होता. वज्रबाहूची तलवार मुठीपर्यंत रुतली आणि काळघोरपड आडवी झाली.

सयाजीने दोन्ही हात वर केले, तोंड आ वासलं, आणि अख्ख्या राजारामपुरीने ऐकली असती अशी आरोळी गिळून टाकली. तो टेबलावर आवाज न करता नाचला. मग चपला घालून निघून गेला.

तो गेल्यावर धैर्यशीलला आठवलं. घोरपड बघतो आणि मग थांबतो, असं हा म्हणाला होता. तो बाल्कनीत धावला. "सया, पुढच्या रविवारी येणार न्हवं?"

खाली मोटारसायकलवर बसलेल्या सयाजीने हात हलवला. येतो, जातो, मर तिकडं, सगळ्याला तोच हात.

आठवडा धैर्यशीलने कसा काढला ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्याने फोन केला, तर सयाजीने उचलला आणि पलीकडून नुसती भट्टी घोंघावली. तो "सया, येणार का? येणार असशील तर एकदा खोक" म्हणाला आणि लगेच, खोकणं मौनात बसतं का, म्हणून त्याने त्रिशलाला विचारलं. बसत नाही, असं कळलं. दोन दिवसांनी सयाजीच्या आईचा फोन आला. "बाळा, पोरगं जेवतंय, झोपतंय, पण तोंड उघडंना. आम्ही दवाखान्यात न्यायला निघालतो, तवर अनुजानं सांगितलं. तिकडं कामावर बी माणसं घाबरल्यात. साहेब बोलंना म्हंजी लई भडकलाय म्हणून दुप्पट काम करायल्यात." बँकेत बसल्या बसल्या धैर्यशीलला हसू आलं आणि लगेच परत भीती वाटली. एवढं करून तो आला नाही तर?

रविवारी त्रिशला आली, अनुजा आली. आईंनी भडंगाची मोठी परात टेबलावर ठेवली आणि त्रिशलाचा आठवडा संपल्याचं तिच्याकडून वदवून घेतलं. सयाजीची खुर्ची मोकळी होती. धैर्यशीलने नकाशा पसरला, परत गुंडाळला, परत पसरला.

जिन्यात चपला वाजल्या. सयाजी दारात उभा राहिला, घामाघूम. त्याने त्रिशलाकडे पाहून भुवया उडवल्या.

"खेळ सुरू झाला का?" तिने धैर्यशीलला विचारलं.

"झाला," धैर्यशील म्हणाला.

सयाजीने छाती भरून श्वास घेतला. अनुजाने कानांवर हात ठेवले. पण आठवडाभर न वापरलेल्या घशातून आवाज आला तो फाटका आणि बारीक.

"धैर्या, आधी हे सांग," खुर्ची ओढत तो म्हणाला, "ह्या आठवड्याला मी काय सोडायचं?"